तीन सेकंदांचं बटण

नांदेड-लातूरकडे चार दिवस जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातला माणूस आधी म्हणतो, "बाप रे, ऊन असेल!" आणि मग विचारतो, "तिकडे तुझं काय काम?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होतं. भाद्रपदातलं, माणसाला पार शिजवून काढणारं ऊन होतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी फजिती आहे. ती मीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या ऑफिसातले लोक सांगतील, आणि त्यांना तिखटमीठ लावायची खोड आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिते. सतरा वर्षं लिहितेय, त्यामुळे आपल्याला त्यातलं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या टीमने लातूरच्या एका शेतकरी कंपनीसाठी एक ॲप केलं आहे. ही कंपनी अर्धापूरची केळी धुऊन, खोक्यांत भरून लांबच्या बाजारात पाठवते. खोकं भरायला घेतलं की फोनवर 'सुरू' दाबायचं, भरून झालं की 'पूर्ण'. मधला वेळ ॲप मोजतं, आणि लातूरच्या ऑफिसात भिंतीवरच्या पडद्यावर पट्टी उमटते. वेळेत झालं तर हिरवी, उशीर झाला तर लाल.

त्यातलं 'पूर्ण'चं बटण माझं. ते नुसतं टिचकी मारून चालत नाही, तीन सेकंद दाबून धरावं लागतं. धरलं की त्याच्याभोवती एक हिरवं वर्तुळ हळूहळू भरत जातं आणि शेवटी टुणकन बरोबरची खूण येते. त्या टुणकनवर मी तीन आठवडे घालवले होते. घरी आईलाही दाखवलं होतं. ती म्हणाली, "छान आहे. कशाचं आहे?"

आमच्या ऑफिसात एक पितळी घंटा टांगलेली आहे. वापरणाऱ्याची तक्रार आली आणि कुणी ती बंद केली की त्याने उठून घंटा वाजवायची, असा रिवाज आहे. शुक्रवारी ज्याच्या नावावर जास्त घंटा त्याला बटाटेवडे. अर्धापूरहून "बटन दबत नाही" अशी तक्रार चौदा वेळा आली. चौदाही वेळा मी माझ्या टेबलावरचा फोन घेऊन बटण दाबून पाहिलं, चौदाही वेळा ते झकास दबलं, आणि "आमच्याकडे व्यवस्थित चालतं" असं लिहून मी घंटा वाजवली. ऋता नावाची एक नवी मुलगी आमच्याकडे तपासणीचं काम करते. ती एकदा मीटिंगमध्ये चाचरत म्हणाली, "एकच तक्रार इतक्यांदा येतेय म्हणजे काहीतरी..." आमचा मॅनेजर नचिकेत म्हणाला, "लोकांना शिकवायला हवं, बाकी काही नाही." मीही मान डोलावली. माझ्या तोंडात वडा होता.

मग लातूरहून निरोप आला की शनिवारी आमची बैठक आहे, अर्धापूरची एक लाइन, म्हणजे खोकी भरणाऱ्यांची एक तुकडी, फार उशीर करते, तुमचं माणूस येऊन पाहून सांगेल का. नचिकेतने मला पाठवलं. म्हणाला, "जा, कौतुक ऐकून ये." मी दोन कडक इस्त्रीचे कुर्ते घेतले आणि निघाले.

बुधवार, नांदेड

स्टेशनवर इरफानभाई घ्यायला आले होते. ते त्या शेतकरी कंपनीचे नांदेडकडचे सगळं पाहणारे गृहस्थ. पन्नाशीचे, जीप स्वतः चालवणारे, आणि माणसाला उपाशी ठेवणं हा गुन्हा मानणारे.

"काम बिम मंग बगू म्याडम. आधी नाष्टा. उपाशी मानसाला नांदेड चांगलं दिसत न्हाई."

नाष्टा म्हणजे सुशीला. पुणेकरांसाठी सांगते, ही कुणी बाई नव्हे. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्यांची फोडणी देऊन वर डाळव्याचं कूट भुरभुरतात. पोह्यांची चुलत बहीण म्हणा, पण स्वभावाने मोकळी. गाडीवाल्याने बशी दिली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी मिरच्या वेचून बशीच्या कडेला लावल्या. पाच मिनिटांनी तो आला, बशीकडे एकदा बघितलं, एक शब्द न बोलता दुसऱ्यांदा वाढलं, आणि त्यात मिरच्या नव्हत्या. आम्ही हेच कळून घ्यायला लोकांना सहा प्रश्नांची प्रश्नावली पाठवतो. ती कुणी भरत नाही आणि मग आम्ही गृहीत धरतो की लोक खूश आहेत.

दुपारी गुरुद्वाऱ्यात जाऊन आले. तिथे एका म्हाताऱ्या सरदारजींनी माझ्या धुळीने माखलेल्या चपला दोन्ही हातांनी घेतल्या आणि बिल्ला दिला. परत आले तेव्हा चपला पुसलेल्या होत्या. मी उगीचच ओशाळले. पुण्यात चपला सांभाळणारा माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघतो की चपलाच नसत्या तर बरं झालं असतं.

गुरुवार, अर्धापूर

नांदेड सोडून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना केळीच केळी. वाऱ्याने पानांच्या चिंध्या झालेल्या आणि बुंध्यांशी गारवा. पत्र्याच्या एका मोठ्या शेडसमोर जीप थांबली. आत घड यायचे, ते चाकूने कापून फण्या सुट्या करायच्या, त्या हौदात पडायच्या, तिथे बाया त्या धुवायच्या, मग पंख्याखाली वाळवून खोक्यात. सगळ्या मिळून बारा बाया. त्यातल्या अकराजणींची मुकादम द्रौपदाबाई. सगळे तिला आक्का म्हणत होते. पन्नाशीची, सडपातळ, लुगड्यावर पुरुषी सदरा चढवलेली, आणि नाकाच्या शेंड्यावर एक काळा ठिपका. गोंदण तिथेही करतात हे मला नवीन होतं.

"या म्याडम. पुन्यावरून आलाव म्हनं. बसा. ये पोरींनो, पंखा फिरवा हिकडं."

शेडमधला तो एकुलता एक मोठा पंखा. केळी वाळवायचा. तो माझ्याकडे वळवण्यात आला. मी गार हवा खात बसले आणि समोर ओल्या केळ्यांचा ढीग माझ्या जाण्याची वाट बघत राहिला. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा अर्धा तास झाला होता.

मी वही काढली. "बटण दाबायला काही त्रास होतो का?"

"न्हाई बा," द्रौपदाबाई म्हणाली. "लई झ्याक हाय."

"जरा दाबून दाखवता?"

तिने एका बाटलीतलं काहीतरी चोळून साबणाने हात धुतले. पदराला पुसले. पुन्हा एकदा पुसले. मग कोर्टात शपथ घेतल्यासारखं एक बोट फोनवर ठेवलं. हिरवं वर्तुळ भरत गेलं, टुणकन खूण आली. बाकीच्या अकराजणी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांच्या पोराचं गाणं झालंय. मी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ काढून ऑफिसला पाठवला. नचिकेतने फोनवरून मला घंटा ऐकवली.

निघताना द्रौपदाबाईने माझ्या पिशवीत डझनभर पिकली केळी कोंबली. ही केळी मी गाडीत खाल्ली, आणि पुण्यात आजवर जे खाल्लं ते काय होतं असा प्रश्न मला पडला.

इरफानभाईंनी मात्र केळं घेतलं नाही. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "शनवारी लातूरला फैसला हाय, तुमाला ठावंय ना?"

"कसला?"

"येक लाइन उशीर करायली म्हनून तुमाला बलिवलं ना? ती हीच. आक्काची. पडद्यावर रोज लाल. शनवारी ठरनार, लाइन आक्काकडं ठेवायची का दुसऱ्या मुकादमाला द्यायची. आक्का गेली की तिच्या अकरा बाया बी गेल्या."

माझ्या हातातलं केळं हातातच राहिलं. "पण त्या खरंच हळू काम करतात का?"

"म्या कोन सांगनारा? पडदा लाल हाय. आन् पडदा तुमचा हाय."

"आकडे खोटं बोलत नाहीत, इरफानभाई," मी म्हणाले. आता आठवलं की कान लाल होतात. इरफानभाईंनी रेडिओ मोठा केला. आणि लॉजवर पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की वाचायचा चष्मा शेडमध्येच राहिला.

शुक्रवार, पुन्हा अर्धापूर

चष्म्याशिवाय मला लातूरच्या बैठकीत एक अक्षरही वाचता आलं नसतं, म्हणून सकाळी न कळवता गेलो. शेडच्या दारात मी थबकले.

फोन एका पारदर्शक पिशवीत घालून खांबाला सुतळीने बांधला होता. त्याच्यासमोर द्रौपदाबाई वाकून उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, कोपरापर्यंत केळीच्या चिकाने बरबटलेले. डोळे मिटलेले. आणि नाकाचा शेंडा फोनवर टेकवलेला. हिरवं वर्तुळ भरत होतं. निम्मं झालं, पाऊण झालं, आणि नाक घसरलं. वर्तुळ गायब. द्रौपदाबाईने फोनच्या आईबापांचा जो उद्धार केला तो मी इथे लिहू शकत नाही.

"आक्का, नीट घ्या की पप्पी!" हौदापाशी एकजण ओरडली आणि अख्खी शेड खिदळली.

मग त्यांना मी दिसले. अकराजणी एकदम हौदावर वाकल्या.

खरं सांगते, आधी मला हसू फुटलं. पोट धरून हसले. त्यानंतर तिच्या नाकावरचा तो ठिपका पाहिला. गोंदण कसलं, वाळलेला चीक होता तो. केळीचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो आणि सुकला की काळा पडतो, हे ज्ञान मला बेचाळिसाव्या वर्षी झालं.

"काल का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"पाव्हण्याम्होरं कुनी रडगानं गातं का? आन् तुमीच लिवलं व्हतं की, आमच्याकडं येवस्थित चालतं. चौदा डाव लिवलं. म्हनलं, पुन्याची केळं निराळी आसतील."

"हातमोजे घातले तर?"

"मोजं घातलं की चाकू निसटतो. मंग बोट जातं. तुमी आसं करा म्याडम, घंटाभर हात लावून बगा. कामून इचारत बसायलाव?"

मी बाह्या सरसावून फण्या कापायला बसले. दहा मिनिटांत बोटं एकमेकांना चिकटली. वीस मिनिटांत त्यांना काळी साय धरली. कुर्त्यावर दोन थेंब पडले. ते आजही आहेत. आणि नेमका तेव्हा माझ्या पुढ्यातल्या खोक्यावर ठेवलेला फोन वाजू लागला. नचिकेत. मी बोटाने प्रयत्न केला, फोन ढिम्म. करंगळीने केला, मनगटाने केला. बारा बाया काम थांबवून बघत होत्या. शेवटी मी इकडेतिकडे पाहिलं आणि नाक टेकवलं.

फोन उचलला गेला, तो थेट स्पीकरवर. "अगं, उद्याच्या बैठकीच्या स्लाइड झाल्या का?" नचिकेतचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमला. त्यानंतर त्याला जे ऐकू आलं ते बारा बायांचं हसणं होतं. "तू नक्की कुठे आहेस?" त्याने विचारलं.

त्यानंतर द्रौपदाबाईने मला सगळं नीट सांगितलं. दर खोक्याला हात धुवायचे म्हणजे रॉकेलने चीक सोडवायचा, मग साबण, मग पुसायचं. तेवढ्यात हौदात केळं ताटकळतं, डागाळतं. म्हणून 'सुरू'ला कोपराची टिचकी मारायची, 'पूर्ण' नाकाने जेवढी होतील तेवढी खोकी करायची, आणि राहिलेली सगळी, लॉरी भरून गेल्यावर हात धुऊन एकदम. म्हणजे सकाळी आठला भरलेलं खोकं ॲपच्या लेखी दुपारी दोनला पूर्ण होत होतं. लाल होणार नाही तर काय.

"मग दुसऱ्या शेडची लाइन रोज हिरवी कशी?"

"त्यांनी येक मानूस बसिवलाय निस्तं बटन दाबाया. इस्तरीचा सदरा घालून खुर्चीवर बसतो. केळाला हात लावत न्हाई."

"तुम्ही का नाही बसवत एखादीला?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बारा जनीत येक निस्ती बसली तर तिचं केळं कोन धुईल? आन् जिला बसवंल ती म्हनंल, आक्कानं मला कामातनं काढलं."

आता ते बटण तीन सेकंदांचं का होतं, हे सांगायला हवं. अगदी सुरुवातीला पुण्यात आमच्या ऑफिसात या ॲपचं प्रात्यक्षिक होतं. एसी खोली, मोठमोठे पाहुणे, फोन माझ्या हातात. बोलता बोलता माझा अंगठा चुकून 'पूर्ण'ला लागला आणि पडद्यावर रिकामं खोकं भरलेलं दिसलं. एक पाहुणे म्हणाले, "वा, केळी न घालताच खोकं भरलं!" सगळे हसले. मी लाजेने मेले. घरी जाताना रिक्षात मी ठरवलं की माझं बटण पुन्हा कधीही चुकून दबणार नाही. त्यातून ते तीन सेकंद आले. त्यानंतर ते बटण मला इतकं उत्तम का वाटायचं, हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. त्यावर मी तीन आठवडे घालवले होते आणि त्याने माझी अब्रू राखली होती, एवढंच त्याचं उत्तमपण होतं. केळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

मी चष्मा घेतला. इरफानभाईंना म्हणाले, "कच्ची केळी मिळतील का थोडी? दांड्यासकट."

"खायाला?"

"नाही. लातूरला न्यायला."

शुक्रवार दुपार, लोह्याजवळ

लातूरच्या वाटेवर लोह्याच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. ज्वारीच्या भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर खव्याची पोळी. काळजीत माणसाला जेवण जात नाही म्हणतात. मी तीन भाकरी खाल्ल्या. पुण्यात आपण "अजून वाढू का?" विचारतो आणि समोरचा "नको नको" म्हणतो. इथे ढाब्याच्या मालकीणबाई काही न विचारता वाढत होत्या, आणि "नको" म्हणायला माझं तोंड रिकामं नव्हतं.

हात धुऊन मी नचिकेतला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण हे शनिवारी नको काढूस. सोमवारी आपण बसू, बघू."

"सोमवारपर्यंत त्या बाईचं काम गेलेलं असेल."

"पण बटण तांत्रिकदृष्ट्या बरोबर चालतंय ना?"

हे वाक्य मला फार ओळखीचं होतं. मीच त्याला ते शिकवलं होतं. नचिकेत काही वाईट मुलगा नाही. कंपनीने आमच्यावरचा विश्वास काढून घेतला तर काय, ही त्याची काळजीही खोटी नव्हती. "आणि तक्रारी तू बंद केल्या होत्यास," तो हळूच म्हणाला, "हे सगळ्यांसमोर येईल. कशाला ओढवून घेतेस?"

मी फोन ठेवला. लातूर येईपर्यंत मी तीनदा ठरवलं की बोलायचं, आणि तीनदा ठरवलं की सोमवारी बघू. सतरा वर्षं जी बाई चुका शोधणारी म्हणून ओळखली जाते तिला स्वतःची चूक सांगताना घाम फुटतो, हे मला त्या जीपमध्ये कळलं. इरफानभाई मधे मधे मागे ठेवलेल्या केळ्यांवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडायला थांबत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की माझं काय ठरलं.

शनिवार, लातूर

लातुरात सकाळी निलंग्याचा भात खाल्ला. शेंगदाणे घातलेला, तिखटजाळ, आणि तोही सकाळी आठला. रस्त्यावर पाठीला दप्तरं लावलेली मुलंमुली, आणि दर चौकात फलकांवर पहिल्या आलेल्या पोरांचे भले मोठे फोटो, खाली गुण. मागे राहिलेल्यांचे फोटो कुणी लावत नाही, तेवढी तरी या शहराला माणुसकी आहे असं मला वाटलं. आम्ही तर लाल पट्टीखाली नाव लिहितो.

बैठकीत आठ-नऊ लोक होते. मधोमध कंपनीचे अध्यक्ष बिरादार साहेब; साठीचे, उंचेपुरे, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले. भिंतीवर एका पडद्यावर पट्ट्या, दुसऱ्यावर पुण्याहून नचिकेत आणि ऋता. जिच्याविषयी ठरणार होतं ती द्रौपदाबाई तिकडे अर्धापूरला केळी धूत होती.

"बोला म्याडम," बिरादार साहेब म्हणाले. "ही लाल लाइन कामून लाल हाय?"

पडद्यावर नचिकेतने अगदी बारीक मान हलवली. नको म्हणून.

"साहेब, ती लाल पट्टी द्रौपदाबाईंची नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पातळ वाटला. "माझी आहे. ते बटण मी केलंय. ते दबत नाही असं त्यांनी चौदा वेळा कळवलं. चौदा वेळा मी माझ्या स्वच्छ हातांनी दाबून पाहिलं आणि त्यांना खोटं ठरवलं."

मग आठचं खोकं दोनला पूर्ण का दिसतं आणि दुसऱ्या शेडने नुसतं बटण दाबायला इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस कसा बसवलाय, तेही सांगितलं. बिरादार साहेबांनी भुवया वर केल्या. "तीन सेकंद तर हायत. त्याला काय लागतंय?"

मी गोणपाट सोडलं. हिरव्या फणीचा दांडा चाकूने कापला आणि म्हणाले, "साहेब, हात द्या."

त्यांनी हसत हसत हात पुढे केला. मी दोन-तीन दांडे कापून त्यांची बोटं चांगली माखली आणि समोर फोन धरला. पहिल्यांदा बोट घसरलं. दुसऱ्यांदा कॅमेरा सुरू होऊन त्यांच्याच कपाळाचा फोटो निघाला. तिसऱ्यांदा वर्तुळ निम्म्यावर येऊन विझलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. हा माणूस हरणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, मान खाली घातली आणि नाक फोनच्या बोटभर अंतरावर आणलं. तिथे ते थांबले. आपण काय करतोय हे त्यांना कळलं.

"आरं तिच्या!" ते ओरडले आणि गदागदा हसू लागले. सगळी खोली हसली. हसता हसता त्यांनी बोटं सवयीने सदऱ्याला पुसली. तो डाग संध्याकाळपर्यंत काळा पडणार हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही; त्या दिवशी माझ्याकडे सांगायला आधीच पुष्कळ होतं.

तेवढ्यात पुण्याहून ऋताचा आवाज आला. "सर, मला शंका आली होती. मी एकदा बोलले, मग गप्प बसले." नचिकेतने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाला, "मीच गप्प केलं." त्याक्षणी मला तो फार आवडला.

बिरादार साहेबांनी पडद्याकडे पाठ केली. "लाइन द्रौपदाबाईकडंच राहील. आन् त्या दुसऱ्या शेडच्या इस्तरीवाल्याला सांगा, सोमवारपासून केळं धू. म्याडम, तुमचं बटन?"

"आज काढते."

शेजारच्या खोलीत बसून मी आणि ऋताने ते काढलं. हिरवं वर्तुळ गेलं, टुणकन गेलं. आता फोनवर कुठेही कोपर आपटलं तरी खोकं पूर्ण होतं, आणि चुकलं तर परत घेता येतं. हे करायला आम्हाला दुपारचे चार वाजले. तीन आठवड्यांचं काम पुसताना मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण चहा पिऊन होईपर्यंतच.

मग इरफानभाईंनी द्रौपदाबाईला फोन लावून माझ्या हातात दिला. खोटं कशाला बोलू, मला ती धन्यवाद देईल असं वाटत होतं, आणि मी ते नम्रपणे कसं घ्यायचं याची तयारीही केली होती.

"द्रौपदाबाई, लाइन तुमच्याकडेच राहिली. चूक आमच्या बटणाची होती. सगळ्यांसमोर सांगितलं मी."

पलीकडे हौद धुताना पाणी वाजत होतं.

"मंजी म्या हळू न्हाई?" तिने विचारलं.

"नाही. कधीच नव्हता तुम्ही."

पाण्याचा आवाज दूर गेला. ती शेडच्या बाहेर आली असावी. "खरं सांगू का म्याडम," ती खालच्या आवाजात म्हणाली, "एकोनीस सालं गेली मही केळात. पर रोज रोज लाल दिसायलं की मानसाला वाटतंच. उनाळ्यात म्या दवाखान्यात जाऊन आले. कुनाला सांगितलं न्हाई. डाक्टरला म्हनलं, महे हात बगा, हात हळू झालेत. त्यानं बगितलं, म्हनला, वय झालं बाई. गोळ्या देल्या. तवापासून रोज खायले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्याडम? हाव का?"

"आहे."

"मंग त्या गोळ्या आता बंद करू का?"

सतरा वर्षांत मला कुणी एवढा अवघड प्रश्न विचारला नव्हता, आणि तो मला विचारला जात होता, कारण हात हळू झालेत हे तिला मीच कळवलं होतं. "डॉक्टरांना विचारून बंद करा," मी म्हणाले. "त्यांना सांगा, हात चांगले आहेत, बघणाऱ्याची चूक होती." एवढं बोलून मी फोन इरफानभाईंच्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेले.